यमुनेच्या सीडीतला धवला

२८ ऑक्टोबर २००६
बसले एकदाची खुर्चीवर! कॉम्प्युटरच्या. लग्न होऊन तीन वर्षं झाली, या स्टुडिओत मी नुसते अल्बम चिकटवतेय. हातांना कायम डिंकाचा वास. अण्णा घरात सासरे, स्टुडिओत मालक, आणि दोन्हीकडे तोंड तेच.

डोळखांबकडच्या पाड्यावरून लक्ष्मण आला होता. मे महिन्यात त्याचं लग्न झालं, फोटो ह्यांनी काढले होते. भातकापणी उरकली, आता सीडी हवी म्हणे. "फोटो टीव्हीवर आपोआप सरकले पायजेत. गान्यासकट." वीटभट्टीला निघायच्या आधी हवी. एकदा गेले की पावसाळ्यालाच परत.

अण्णा म्हणाले, "सूनबाई, ही एक सीडी कर. जमली तर टेबल तुझं. नाय जमली तर कॉम्प्युटर मुरबाडला जयवंताकडं जाईल."

जयवंतभावजी म्हणजे धाकटे दीर. मी मुरबाडच्या क्लासात शिकत होते तेव्हा त्यांना माऊस कुठल्या हातात धरायचा ते ठाऊक नव्हतं. आता स्टुडिओ टाकलाय. त्यांना कॉम्प्युटर! मेले तरी देणार नाही.

३० ऑक्टोबर
सगळे फोटो स्कॅन केले. यमुना (नवरी) एकाही फोटोत कॅमेऱ्याकडे बघत नाही. हळद लागलेली, मान खाली. एका फोटोत मात्र चुलीपाशी कुणाकडे तरी बघून खो खो हसतेय. तो शेवटचा ठेवणार.

गाण्याचं भांडण. अण्णांचं एक ठरलेलं सिनेमातलं गाणं आहे. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या लग्नांना तेच. बारशालाही तेच लावलं होतं एकदा. मी म्हटलं, अहो, ह्या लोकांचं लग्न धवलारीण लावते. भटजी नाही की मंगलाष्टकं नाहीत. म्हातारी मांडवात बसून धवला गाते आणि लग्न लागतं. मग फोटोंवर धवलाच हवा ना?

अण्णा : "कर काय करायचं ते."
म्हणजे नको.

ह्यांच्या कॅसेटच्या खोक्यात धवला सापडला! ह्यांनीच कधीतरी पाड्यावर भरून आणलेला. आवाज काय खणखणीत! अंगावर काटा आला.

२ नोव्हेंबर
टेपची पिन कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली, धवला आत घ्यायला लागले. एक मिनिट झालं की कॉम्प्युटरातला रेकॉर्डर आपला बंद. परत लावला, परत बंद. मला वाटलं पिन सैल. पिन हलवली, टेप आपटला, ह्यांच्यावर ओरडले. शेवटी क्लासच्या सरांना फोन. तो रेकॉर्डर साठ सेकंदच घेतो म्हणाले. दुसरा प्रोग्रॅम आणायला सांगितला.

आणि त्या दुसऱ्यात आवाज चक्क दिसतो! रेघ असते, आवाज चढला की तिला टेकाड येतं. कुठे कापायचं, कुठे जोडायचं, सगळं डोळ्यांनी कळतं. दुपारभर तेच बघत बसले. भात करपला.

५ नोव्हेंबर
झाली!! आज तुळशीचं लग्न राहिलंय, दारात ऊस नुसता टेकवून ठेवलाय, पण सीडी झाली. फोटो धवल्याबरोबर सरकतात. ओळ संपली की फोटो बदलतो. हे तीनदा बघून म्हणाले, "मीना, हे मी काढलेले फोटो वाटतच नाहीत." त्यांच्या तोंडून म्हणजे हारतुरेच.

तीन कॉपी. एक लक्ष्मणाला, एक यमुनेच्या माहेरी तानशाकडे, एक त्याच्या आटगावच्या मामाला. तानशाची आणि आटगावची आजच गेल्या. पाड्यावर मी स्वतः जाणार. बघू दे लोकांना कुणी केली ती.

८ नोव्हेंबर
लिहवत नाही. तरी लिहिते.

टीव्ही पोलीस पाटलाच्या घरी. अख्खा पाडा जमलेला. मी नवी साडी नेसून पुढे बसलेली. (कशाला?) धवला सुरू झाला, बायका डोलायला लागल्या. मग एकदम गप्प झाल्या. एकमेकींकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात धवलारीण ठाकीआजी बसली होती, कॅसेटमधला आवाज तिचाच. ती म्हणाली, "ह्यो तं पोशीच्या लग्नातला. पोशी आन् बाळूचा."

धवल्यात नवरा-नवरीची नावं घालतात. मला ठाऊकच नव्हतं. आमच्या लग्नात बँड होता, बँडला कसलं नाव! सगळं गाणं मी शंभर वेळा ऐकलं, पण तो लांबवलेला सूर आणि ती बोली, नाव कुठलं आणि शब्द कुठला मला काय कळणार?

यमुनेच्या सासूने उठून टीव्ही बंद केला. "माज्या सूनंचं तोंड आन् पोशीचं नाव! दुसरीचं लगीन लावलंत आमच्या पोरावर?" यमुना भिंतीला टेकून उभी होती, रडकुंडीला आलेली. तिची काय चूक? चूक माझी आणि बोलणी तिला.

परत येताना मोटरसायकलवर नव्या साडीचा पदर तोंडावर ओढून बसले.

९ नोव्हेंबर
अण्णा म्हणाले, "म्हणून सांगतो, सिनेमातलं टाका. त्यात नाव कुणाचंच नसतं."
राग आला. हसूही आलं. दोन्ही गिळलं.

जयवंतभावजींना फोन झालाय. १९ तारखेला, रविवारी, टेम्पो घेऊन येतायत. त्याच्या दुसऱ्या दिवशी लक्ष्मणाकडचे भट्टीला निघणार.

आटगावची सीडी हे मागून आणतायत. तानशाला प्लेअरच नाही, शेजारच्यांचा येईपर्यंत थांबलेत. देवच पावला. तीही परत मागवली.

रडणार नाही. सीडी परत करणार. यमुनेच्या नावाची.

११ नोव्हेंबर
ठाकीआजीकडे गेलो. अंगणात नाचणी वाळत घातलेली, ती कोंबड्या हाकत बसलेली. म्हटलं, आजी, तोच धवला परत गा, यमुना-लक्ष्मणाचं नाव घालून. मी टेप आणलाय.

"नाय."
का गो आजी?
"त्यांचं लगीन मी लावलं मे महिन्यात. नाव घालून गाइला म्हंजे लगीन लागतं. लागलेलं दुसऱ्यांदा कशाला लावू? पयलं खोटं होतं काय?"

हे म्हणाले, नुसतं टेपसाठी गा. आजीने ह्यांच्याकडे असं बघितलं की हे उठून मोटरसायकल पुसायला गेले.

मी बसून राहिले. तेवढ्यात आजीने उतारापलीकडच्या नातीला हाक मारली. "सुमेऽऽऽ गोऽऽऽ!" काय तो आवाज! सुरुवात खाली, मग चढ, मग लांबच लांब. धवल्यातलं नाव असंच येतं. अगदी असंच!!

म्हटलं, आजी, नाव घालून गायचं नाही, कळलं. पण नाव घेऊन हाक मारायची बंदी आहे का?
"हाकंला कसली बंदी? हाक तं मी रोज मारते."
मग यमुनेला मार.
"ती हितं कुठंय? नसलेल्या मानसाला हाक मारू? याड लागलंय काय गो तुला?"

तिचंही बरोबर. मग निघालो सगळे. पुढे आजी, मागे मी टेप कडेवर घेऊन. यमुना खाली खळ्यावर भात झोडत होती. आजी बांधावर उभी राहिली, मी बटण दाबलं.
"यमनेऽऽऽ गोऽऽऽ!"
यमुना पेंढी टाकून धावत वर आली. धापा टाकत, "काय गो आजी?"
"काय नाय. जा."

पहिल्या वेळी मधेच कोंबडा आरवला, टेप वाया. परत हाक. परत ती धावत वर. "काय?" "काय नाय." यमुना बिचारी कपाळाला हात लावून उतरली, झोडणाऱ्या बायका हसून लोळायच्या बाकी. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लाजली असती आणि सासूला कळलं असतं.

लक्ष्मणाची हाक एका दमात मिळाली. तो आलाच नाही. "हा, बोल!" म्हणून तिथूनच ओरडला, पण हाकेनंतर, त्यामुळे चालतंय.

१४ नोव्हेंबर
पोशीचं टेकाड काढायचं, तिथे यमुनेचं बसवायचं. बाळूच्या जागी लक्ष्मण. नाव सारखं सारखं येतं. पहिलं बसवायला सकाळ गेली. सूर अलीकडे तुटतो, नाहीतर हाक पलीकडे सांडते. मान अवघडली. मधेच लाइट गेली, बसवलेलं सगळं पुसलं गेलं. लोडशेडिंगच्या नावाने मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आता दर वेळी सेव्ह करते. शिंक आली तरी सेव्ह.

हाक गाण्यासारखी नाही वाटत. मधेच कुणी दारात उभं राहून बोलावल्यासारखं वाटतं. खोटं वाटेल का? हे म्हणतात, जरा मऊ कर. मी नाही केली. हाक आहे, हाकेसारखीच येऊ दे.

अण्णा पाठीमागे येऊन उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. "ही रेघ म्हणजे आवाज?" विचारलं. हो म्हटलं. "हं," म्हणाले आणि गेले.

१६ नोव्हेंबर
जिंकले जिंकले जिंकले!

परत पाटलाकडे. चारला लाइट आली. या वेळी मी साधी साडी नेसून मागे बसले. यमुनेची सासू येईचना, पाटलीणबाईंनी हाताला धरून आणली. बसली, पण तोंड दाराकडे करून. यमुना आलीच नाही, मागच्या बाजूला हापशावर पाणी भरत होती. परत अपमान कुणाला हवाय?

धवला सुरू. हळदीचे फोटो. आणि पहिली हाक आली. टीव्हीतून, खणखणीत. "यमनेऽऽऽ गोऽऽऽ!"

मागून हापशावरून उत्तर आलं, "आता नाय फसायची मी!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग झोडणीच्या बायकांना कळलं आणि जे हसू फुटलं! ठाकीआजी कोपऱ्यात बसलेली, तिचं तोंड बंद, आणि टीव्हीत तिचीच दुसरी हाक. "यमनेऽऽऽ गोऽऽऽ!" यमुना हंडा घेऊन तरातरा आत आली. "काय हाये गो आजी? सारखी सारखी काय हाका मारतेस?" आणि थबकली. समोर टीव्हीत ती स्वतः, हळदीत, मान खाली.

सासूने दाराकडचं तोंड वळवलं. टीव्हीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. हसू दाबायला गेली, ते काही जमलं नाही. यमुनेच्या हातातला हंडा घेतला, बाजूला ठेवला. "बस हितं. तुजंच लगीन लागतंय."

माझ्या डोळ्यांना धारा. लपवल्या नाहीत.

लाइट जाईपर्यंत पुन्हा पुन्हा लावली. दर हाकेला सगळा पाडा "आता नाय फसायची मी!" ओरडायचा, यमुना पदरात तोंड खुपसायची. शेवटी तो चुलीपाशी हसतानाचा फोटो आला तेव्हा ती फोटोतल्यासारखीच हसत होती. लक्ष्मणाच्या हाकेला लक्ष्मण दर वेळी उभा राहून "हा, बोल!" म्हणायचा. वाया गेलेलं पोरगं.

ठाकीआजीला विचारलं, चाललं ना आजी? लगीन दुसऱ्यांदा नाही ना लागलं?
"नाय. नुसतं बोलावलं. आली का नाय ती?"

१७ नोव्हेंबर
तानशाच्या आणि आटगावच्या नव्या कॉपी पाठवल्या. लक्ष्मणाची तो भट्टीवर नेणार म्हणतोय. तिथे प्लेअर कुठला? म्हणतो, बघू, कुनाचा तरी असंल.

अण्णांना ह्यांनी सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा जास्त मीठमसाला लावून. अण्णा हसले नाहीत. जेवताना मात्र एकदम "आता नाय फसायची मी" असं स्वतःशीच म्हणाले आणि ठसका लागला.

१९ नोव्हेंबर
टेम्पो आला. जयवंतभावजी दोरी, गोणपाट, सगळं घेऊन जय्यत तयार. मी खुर्चीवरून उठले नाही. काम करत होते. (करत नव्हते. माऊस हलवत होते.)

अण्णा म्हणाले, "टेबल हलणार नाय. सूनबाई बसते तिथं." भावजी म्हणाले, अहो पण टेम्पो आणलाय. "मग अल्बमचं कपाट ने. आता तिला डिंकाला हात लावायला टाइम नाय."

मेले तरी हा दिवस विसरणार नाही. भावजी निघताना हळूच विचारत होते, वहिनी, ते नाव कसं बसवलंत? सांगेन कधीतरी.

२५ नोव्हेंबर
लग्नं सुरू झाली. पाड्यापाड्यावरून निरोप येतायत, "हाकेची सीडी" हवी. आता मांडवातच धवला टेप करून घ्यायचा, म्हणजे नाव आधीच बरोबर. तरी लोक म्हणतात, नको, हाकही हवी. ठाकीआजीला प्रत्येकीला उगीच धावत वर आणायची फार मजा येतेय, असं हे सांगतात.

सीडीच्या कव्हरवर स्टुडिओच्या नावाखाली माझं नाव आलं. अण्णांनीच घालायला लावलं. बारीक अक्षरात आहे. पुढच्या वेळी मोठं करीन, फाइल माझ्याच हातात आहे.

२ डिसेंबर
ठाकीआजी शहापूरच्या बाजाराला आली होती, स्टुडिओत डोकावली. पहिल्यांदाच. तिला रेघ दाखवली, हा तुझा आवाज. बघत राहिली. मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट. माझा आणि ह्यांचा, लग्नातला.

"तुजं लगीन कोनी लावलं गो?"
भटजींनी. आणि बँड होता.
"धवला?"
आमच्यात नसतो आजी.
"मंग रायलंय तुजं." असं म्हणाली, जसं काही बिल भरायचं राहिलंय. "आमच्यात पोरंबाळं झाल्यावर बी रायलेलं लगीन लावतात. त्यात काय? नवऱ्याला घेऊन ये पाड्यावर. नाव घालून गाते. हाक नाय, गाते."

मी हसण्यावारी न्यायला गेले आणि माऊस सोडून त्या फोटोकडेच बघत बसले. काय झालं कुणास ठाऊक. इतके दिवस दुसऱ्यांची नावं बसवतेय त्या सुरात. माझं तिथे कसं वाटेल, हे मनात आलं नव्हतं असं नाही.

ह्यांना सांगितलं. आधी लाजले. तीन वर्षांत पहिल्यांदा बघितलं तसं. मग म्हणाले, "आणि आपले फोटो कोण काढणार?"

अजून हो म्हणालेले नाहीत. अण्णा पलीकडे पेपर वाचत होते. मगाशी त्यांनी कपाटातून त्यांचा जुना कॅमेरा काढला, आणि आता काच पुसत बसलेत.