प्रवीणच्या मशीनचं ऑनबोर्ड

१० नोव्हें., सोम.
विसरवाडीहून यायला सव्वासात. पंपावरच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरची केबल उंदराने कुरतडलेली. काम पंधरा मिनिटांचं, बसमध्ये पाच तास. फोन पिशवीच्या तळाशी. शहादा स्टँडवर उतरून पाहिला तर प्रवीणचे सात मिसकॉल. शेवटचा दोन दहाला. त्यानंतर एकही नाही. सात मिसकॉलचं काही नाही वाटलं, पण त्यानंतरचं गप्प राहणं बरं वाटलं नाही.

घरी न जाता तसाच त्याच्या स्टुडिओत. माझ्या दुकानाच्या समोरच, चाळीस पावलं. प्र. आरामात लग्नाच्या अल्बमची पानं लावत बसलेला.
"कार्ड उडी गयं व्हतं भाऊ. स्क्रीन काळी. तुन्हा फोन कोनी उचले ना. मंग दर्शनाभाभीले बलाई लिधं. दोन मिनिटमा चालू करी दिधं."

दोन मिनिटं म्हणे. बायोस, म्हणजे मशीन उठतानाची मूळ सेटिंग, माझ्या पासवर्डखाली आहे; त्याचा सेल काढला की किमान पाच मिनिटं थांबावं लागतं. मोजून सांगायचं तर नीट सांगावं.

११ नोव्हें.
दर्शना म्हणजे कापडवाल्या मारवाड्यांची सून. भिलवाड्याची. दिवाळीआधी त्यांच्या दुकानात साड्यांच्या कपाटाशेजारी एक टेबल टाकलं, वर बोर्ड: कॉम्प्युटर दुरुस्ती. मी हसलो होतो. बायका ब्लाउजपीस घ्यायला येतील अन् जाता जाता प्रिंटर दाखवतील, असं बायकोला, मंगलाला म्हटलं होतं. मंगला तेव्हा काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं नसतं.

दर्शनाने काय केलं ते आज प्र. कडून पूर्ण काढून घेतलं. जळालेलं ग्राफिक कार्ड बाहेर. सेल काढला, थांबली, बसवला. त्याने माझा बायोसचा पासवर्ड गेला आणि मी बंद केलेलं ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डचं स्वतःचं चित्र देणारं सर्किट, पुन्हा चालू झालं. मग मदरबोर्डच्या पोर्टात मी भरलेला गरम गोंद टाचणीने कोरून काढला, केबल तिथे लावली. चित्र आलं. काम बरोबर आहे. मीही हेच केलं असतं. गोंद मात्र टाचणीने नाही काढत, हेअर ड्रायरने मऊ करून काढतात.

माझी पद्धत लिहून ठेवतो, नंतर कोणी विचारलं तर. वेगळं कार्ड असलेल्या प्रत्येक मशीनचं ऑनबोर्ड मी बायोसमध्ये बंद करतो. चालू ठेवलं की विंडोज कधी इकडे कधी तिकडे, आणि लोक केबल चुकीच्या भोकात घालून "स्लो झालं" म्हणत येतात. म्हणून भोक गोंदाने बंद आणि वर पासवर्ड. पासवर्ड कोणाला सांगत नाही. गावात अशी सव्वीस मशीनं आहेत. सव्वीस ठिकाणी माझ्याशिवाय कोणी आत जाऊ शकत नाही असं मी समजत होतो. एक रुपयाच्या नाण्याएवढा सेल.

तसं हे मला माहीत होतंच. सेल काढला की पासवर्ड जातो हे कोणाला माहीत नाही? पण इथे कोणी काढेल असं…

१२ नोव्हें.
प्र. चहाला आला. निम्मा वेळ भाभी. भाभी समजावून सांगते. भाभीने कागदावर चित्र काढून दाखवलं, कार्ड कुठे, ऑनबोर्ड कुठे. "एकवीस वरीसमा तू माले एक डाव बी नही सांगं भाऊ."
मी म्हटलं, तू विचारलं का कधी.
"ईचारं व्हतं. तू म्हने, तुले कसाले पाहिजे."
म्हटलं असेल.

त्याची चारही मशीनं मी बांधलेली. पहिलं, तो नुकताच लग्नाचे फोटो काढायला लागला तेव्हाचं, नंदुरबारहून पार्ट आणून. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, केळी सोडून कॅमेरा धरला म्हणून बाप बोलत नव्हता त्याच्याशी. तेव्हा त्याच्या बाजूला कोण बसलं होतं? आता नव्या मशीनचं बोलतोय. मोठं, व्हिडिओ एडिटिंगचं, पार्ट सुरतहून. मी वाट पाहिली की म्हणेल, भाऊ कधी बसवशील. म्हणाला, "देखूत, भाभीले बी ईचारी लेस."

१४ नोव्हें.
ती आज माझ्या दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात स्क्रूड्रायव्हरची पाऊच, दोन्ही एकत्र पाहायची सवय नाही.
"काका, तुमचा पासवर्ड गेला माझ्याकडून. सांगायला आले. फोन लावला होता मी पण, लागला नाही."
मी म्हटलं, हरकत नाही.
"ऑनबोर्ड बंद ठेवता ते बरोबरच करता तुम्ही. प्रवीणभैयांना मी तेच सांगितलं."
हे तिने बोलायला नको होतं. भांडायला आली असती तर मला बोलता आलं असतं. काका म्हणाली ते वेगळंच. मी पन्नासचा नाही अजून. मार्चमध्ये होईन.

बसा म्हटलं नाही. नंतर लक्षात आलं.

१६ नोव्हें., रवि.
मंगला: "तोंड कसाले असं करेल शे तीन दिवसपाई?"
काही नाही म्हटलं.
"ती पोर गुणी शे. मी ब्लाउजपीस लेवाले गऊ व्हतू. माले चहा दिधा."
इथेही पोचली.

१८ नोव्हें.
प्र. चं नवं कार्ड आलं आणि तिनेच बसवलं. मला कळलं पानवाल्याकडून.

दहावीनंतर मी शिकलो नाही. रेडिओ उघडून शिकलो, मग टीव्ही, मग स्टँडमागे एकाने भंगारात टाकलेलं मशीन आणून ते सहा वेळा उघडून पुन्हा जोडलं तेव्हा हे धंद्याचं झालं. मॅन्युअल वाचायला इंग्रजी शिकलो, शब्दकोश मांडीवर ठेवून. सर्टिफिकेट भिंतीवर नाही, कारण नाहीच. तिच्या टेबलामागे दोन लटकतात. चौकटी चांगल्या आहेत.

२१ नोव्हें., शुक्र.
आजचं सगळं क्रमाने लिहितो. चुकलं ते चुकलं म्हणून लिहायचं.

अकराला सहज म्हणून प्र. कडे. खरं तर तिचं काम बघायला. बाहेरच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या सोफ्यासमोर भिंतीवर एक स्क्रीन नवीन दिसली. वाटलं टीव्ही घेतला असेल, पेनड्राइव्हवर फोटो फिरवायला. आतल्या खोलीत प्र. मशीनवर. तेवढ्यात बोराळ्याकडचे लग्नवाले अल्बम बघायला येतायत असा फोन आला, तो त्यांना घ्यायला रस्त्यापर्यंत गेला. "बठ भाऊ, उनूच."

मी बसलो. माउस हलवला तर बाण उजव्या कडेवरून निघून गेला. स्क्रीनच्या बाहेर. म्हणजे मशीनला दुसरी स्क्रीन आहे असं वाटतंय. म्हणजे ऑनबोर्ड चालू. नवं कार्ड बसवलं अन् ऑनबोर्ड बंद करायला विसरली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, हेही लिहितो. तिने मला सांगितलं होतं बंद ठेवणं बरोबर, आणि स्वतः विसरली. रिस्टार्ट, बायोस, ऑनबोर्ड बंद, सेव्ह. तीन मिनिटं दहा सेकंद. मशीन उठलं, बाण कडेला येऊन थांबायला लागला. प्र. ची फाइल पुन्हा उघडून ठेवली, त्याच पानावर.

पाठीमागे वाकून केबली पाहिल्या नाहीत. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानात उभं केलं नसतं. पाहिल्या नाहीत कारण पाठीमागचं भोक माझ्या गोंदाने बंद आहे हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. गोंद तर दहा तारखेलाच निघाला होता. माहीत असून.

लग्नवाले आले. सात जण, नवरीची आजी सोफ्याच्या मधोमध. प्र. आत येऊन बसला, पान उघडलं, बाहेर ओरडून म्हणाला, "दिसनं का?"
बाहेरून आजी: "निळं दिसस. फोटो नही शे."
"आते?"
"निळंच शे भाऊ."
मग तेही गेलं. नो सिग्नल.

तेव्हा मागे वाकून पाहिलं. तो टीव्ही नव्हता. प्र. चा जुना मॉनिटर, माळ्यावर पडून होता. त्याला जुनी व्हीजीए केबल लागते, नव्या कार्डाला ते भोक नाही, मदरबोर्डला आहे. तिने भिंतीतून लांब केबल काढून तो ऑनबोर्डवर लावला होता. प्र. आत पानं बदलणार, लोक बाहेर सोफ्यावर बसून बघणार. विसरली नव्हती. मुद्दाम चालू ठेवलं होतं.

प्र. ने फोन काढला. "भाभीले लावस."
मी म्हटलं थांब.
"सकायलेच चालू व्हतं ना भाऊ."
थांब म्हटलं ना. रिस्टार्ट, बायोस, चालू, सेव्ह. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "आजी, तू देखाले बठनी नि ते लाजी गयं." सगळे हसले. प्र. हसला नाही, माझ्या हाताकडे बघत होता. चित्र आलं. आजीने नवरीचं पान तीन वेळा मागे घ्यायला लावलं.

ते गेल्यावर:
"काय व्हतं भाऊ?"
"सेटिंग."
"तू करं का काही?"
मी माउस जागेवर ठेवला.  उठून आलो.

२२ नोव्हें.
दुकान उघडलं नाही. मंगलाला सांगितलं, डोकं दुखतंय.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी प्र. घरीच आला. चहा होईपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता कसा अडतो ते बोलत राहिला. मग फोनमध्ये फोटो दाखवला. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेला कागद, तिच्या अक्षरात, काना मात्रा जरा चुकलेले:

"मूळ मशीन: सुभाषकाका. नवं कार्ड बसवलं १८ नोव्हेंबर. बाहेरचा मॉनिटर मागच्या व्हीजीएवर आहे, म्हणून ऑनबोर्ड चालू ठेवलं. काकांना विचारून बदलावं."

काकांना विचारून. माझं नाव पहिलं.
मी म्हटलं, मीच बंद केलं होतं परवा.
"माले माहीत शे," प्र. म्हणाला. "तुन्हा तोंडवर दिसनं."
मग मी विचारलं, तिला सांगितलंस का.
"नही. कसाले सांगू?"
ते ऐकून बरं वाटलं. नंतर राग आला. माझं झाकायची वेळ त्याच्यावर आली.

जाताना दारात चपला घालता घालता: "नवं मशीनना पार्ट गुरुवारले येतीन. तुम्ही दोन्ही या." मी काही म्हणायच्या आत गाडी चालू.

दोन्ही.

२४ नोव्हें.
एकवीस वर्षं एकट्याने. आता दोन्ही.
तिला पॉवर सप्लायचं कळतं का? विचारायला पाहिजे होतं. नाहीतर वॉटचा आकडा बघून स्वस्तातला आणायला सांगायची.

२५ नोव्हें.
नाही. प्र. कडून कळलं, तिने सांगितलेला सप्लाय चांगला आहे. मी सांगितला असता तोच. चार वेळा तपासलं.

२७ नोव्हें., गुरु.
दहाला गेलो. ती आधीच आलेली, खोकी उघडली नव्हती. "काका आल्याशिवाय कसं उघडणार," असं प्र. ला म्हणाली म्हणे.

मदरबोर्ड मी बसवला. प्रोसेसर तिने. प्रोसेसर गार ठेवायची पेस्ट किती घालते ते बघत होतो, बरोबर तेवढीच. हात स्वच्छ, घाई नाही. पुढच्या बटणांच्या बारीक वायरी तिला दिसेनात, चष्मा आणला नव्हता. मी माझा दिला. माझाच नंबर. तिला म्हटलं, एवढ्यात लागला? म्हणाली, "शिलाई मशीनवर शिवायचे मी रात्री, माहेरी. तेव्हापासून." पुढे काही विचारलं नाही. विचारता आलं असतं.

पहिल्या वेळी चालू झालं. बायोस उघडलं. तिने माउस माझ्याकडे सरकवला. ऑनबोर्ड: बंद की चालू? आधी प्र. ला विचारलं, बाहेरचा मॉनिटर या मशीनला लावायचा की जुन्याला. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला हे विचारलं. प्र. म्हणाला जुन्यालाच राहू द्या. मग बंद केलं. गोंदाची बंदूक पिशवीत होती, काढली नाही. पासवर्डच्या रकान्यावर मात्र बाण थांबला माझा. ती बघत होती. रकाना रिकामा ठेवून सेव्ह केलं.

चहा आला. प्र. ने पहिला कप तिला दिला. पाहुणी म्हणून असेल. मला घरचा समजतो म्हणून असेल. दोन्ही असू शकतं. चहा गोड होता.

पत्र्याला आतून लावायची चिठ्ठी तिने लिहिली, मी सांगितली. तिने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. घाला म्हटलं. घातलं, माझ्या खाली.

१ डिसें., सोम.
सव्वीसपैकी कोणत्या मशीनला कोणता पासवर्ड, ते वहीत उतरवायला घेतलं. बावीस आठवले. चार नाही. इतकी वर्षं त्या चौघांना मी कशाच्या जोरावर सांगत होतो, पासवर्ड माझ्याकडे आहे.

कोणाला द्यायची ही वही, ठरवलं नाही.

४ डिसें., गुरु.
साडेचार. प्र. च्या दारात तिची पांढरी स्कूटी. अर्धा तास झाला. माझा फोन समोर टेबलावर, रेंज पूर्ण, मिसकॉल नाही. दोनदा उलटसुलट करून पाहिला.

काही बिघडलं असेल. किंवा तिच्या दुकानाचे फोटो काढायचे असतील. किंवा नुसती चहाला बोलावली असेल, मी पण जातोच की चहाला. बिघडलं असतं तर आधी मला फोन आला असता. आला असता का? ऑनबोर्ड मी बंद केलं, सप्लाय तिने निवडला. कशात बिघडलंय त्यावर आहे.

मंगलाचा फोन, येताना कोथिंबीर आणा. वाजला तेव्हा वाटलं प्र. चा.

पाच वाजत आले. चाळीस पावलं आहेत. चहा प्यायला म्हणून जाऊन येतो. पिशवी नेत नाही. छोटा स्क्रूड्रायव्हर फक्त, शर्टाच्या खिशात, बाहेरून दिसत नाही.