दहा वर्षांची नमुना प्रत

७ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमची भावजय आहे. तीन वर्षं झाली. तुमचा भाऊ म्हणतो की त्याने घरी 'तसं सुचवलंय'. त्याचं सुचवणं मला ठाऊक आहे. गॅस संपला की तो नुसता शीळ घालतो आणि आपल्याला कळलं असेल असं धरून चालतो. म्हणून मीच लिहायला बसले. मराठी वडिलांनी शिकवली, दर रविवारी एक पान शुद्धलेखन काढायला लावून. मी इथेच जन्मले, इथलीच नागरिक, आणि लिफ्ट दुरुस्त करते. आमची ओळखही लिफ्टमध्येच झाली. इस्पितळाच्या धोबीखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत चादरींची ढकलगाडी आणि तिथे इस्त्रीचं काम करणारा तो. मी दार उघडलं तेव्हा तो चादरींवर गाढ झोपला होता.

आता कामाचं. अकरा वर्षांपूर्वी तो या देशात फ्रिजच्या खोक्यांमागे, ट्रकमधून आला. कागद नाहीत. इथला कायदा म्हणतो, नागरिक बायको केलीत, छान झालं, पण मागच्या दाराने आलात तर आता बाहेर जा आणि पुढच्या दाराची बेल वाजवून या. म्हणजे त्याने तुमच्याकडे यायचं, तिथल्या आमच्या वकिलातीतून शिक्का घ्यायचा आणि परतायचं. मात्र बाहेर पाऊल टाकलं की दहा वर्षं प्रवेश बंद, ही बेकायदा राहण्याची शिक्षा. ती माफ व्हायची तर तो निघण्याआधी मी सिद्ध करायचं, की नवरा दहा वर्षं नसेल तर माझे असह्य हाल होतील. शिवाय लग्न खरं आहे याला सासरची पत्रं जोडायची. वकीलबाई म्हणतात, फोनवरच्या मायेला पोस्टाचा शिक्का नसतो. तर एक प्रेमळ पत्र पाठवाल का? प्रेम नसलं तरी चालेल, तारीख हवी.

सासूबाईंना नमस्कार. लोभ अजून जमलेला नाही, तो जमावा ही विनंती.

तुमची भावजय

२५ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या वकीलबाईंसाठी गोड पत्र वेगळ्या पाकिटात आहे. त्यात तू गुणांची खाण आहेस आणि आम्ही आनंदाने वेडे झालो आहोत. हे पत्र फाइलला लावू नकोस.

वरातीमागून घोडं ऐकलं होतं. इथे वरात निघून तीन वर्षं झाली आणि घोडं आज पोस्टाने आलं! ठोंब्याने (हे त्याचं घरातलं नाव, अर्जात लिहू नकोस) आम्हाला सांगितलं होतं की तो विमानाने गेला, खिडकीशी बसला आणि इस्पितळात अधिकारी आहे. त्या जोरावर आई अकरा वर्षं जिन्यातून मान ताठ ठेवून ये-जा करतेय. आता कळलं की विमान म्हणजे फ्रिजची खोकी आणि अधिकार चादरींवर. इस्त्री करतो म्हणे! या घरात त्याने स्वतःच्या रुमालाची घडी घातलेली कुणी पाहिली नाही. दर वर्षी म्हणायचा, रजा मिळत नाही. तेवढं मात्र खरं निघालं.

आईला सांगितलं. तिने आधी जिन्याकडचं दार लावून घेतलं. मग विचारलं, त्या खोक्यांत श्वास घेता येत होता का. मग विचारलं, मुलगी उंच आहे का. फोटो पाठव.

मी कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवते. वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितेय. जिवंत असल्याचे दाखले काढून देते, एकाच माणसाची तीन नावं एकच असल्याची प्रतिज्ञापत्रं करून देते. तेव्हा तुझ्या अर्जाची नक्कल धाड. हातच्या कांकणाला आरसा लागत नसेल, पण कचेरीला जोडपत्र लागतंच.

लोभ ठेवायचा की नाही ते फोटो पाहून ठरेल.

तुझी नणंद

११ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

फोटो सोबत आहे. उंची तुमच्या भावाच्या कानापर्यंत. सासूबाईंना चालेल ना?

अर्ज वकीलबाईंनी फेटाळला, कचेरीपर्यंत गेलाच नाही. मी लिहिलं होतं, नवरा नसला तर घर सुनं वाटेल. त्या म्हणाल्या, रेडिओ घ्या. मी लिहिलं, थंडीत बरं वाटत नाही. त्या म्हणाल्या, हीटर घ्या. पंचाईत अशी की मला कुणाची गरज पडत नाही. नळ मी दुरुस्त करते, बिलं मी भरते, लिफ्टच्या सत्तर फूट खोल शाफ्टमध्ये दोरावर मी लोंबकळते. तुमच्या भावाला कुकरचं झाकण बंद करता येतं, उघडायला मला हाक मारतो. या माणसावाचून असह्य हाल होतील अशी शपथ कोणत्या तोंडाने घेऊ?

आणि घ्यायला तर हवी. गेल्या आठवड्यात धोबीखान्यात कागदांची तपासणी झाली. तो ओल्या चादरींच्या हौदामागे दोन तास उभा होता. त्याच्याबरोबरच्या एकाला नेलं. घरी येऊन हसत हसत सांगत होता, पण ओले बूट न काढताच जेवायला बसला. आता त्याला असं ठेवायची मला भीती वाटते आणि पाठवायचीही वाटते.

तुम्ही अकरा वर्षं त्याच्यावाचून काढलीत. नेमकं काय बिघडतं, सांगाल?

लोभ थोडा जमला असेल तर तो वाढावा.

तुमची भावजय

२ मार्च

चि. सौ. भावजयबाईस,
अ. उ. आ.

फोटो पाहून आई म्हणाली, हिने त्याला पसंत केलं म्हणजे मुलगी मनाने फारच चांगली असणार. तेव्हा लोभ मंजूर.

आता धंद्याचा पहिला नियम ऐक. अर्जात रडायचं नाही. रडणं अधिकाऱ्याला रोज फुकट मिळतं. तारखा द्यायच्या. तुला दहा वर्षांची कल्पना करायची गरजच काय? आमच्याकडे नमुना प्रत तयार आहे, वर एक वर्ष जास्त. खालचं जसंच्या तसं जोड. मी शपथेवर सही केली आहे.

पहिल्या वर्षी नऊ मे रोजी आमच्या जिन्यातला दिवा गेला. तो फार उंचावर आहे. भाऊ नुसत्या टाचा उचलून बदलायचा. आम्ही म्हटलं, आला की बदलेल. दुसऱ्या वर्षी सतरा नोव्हेंबरला आई त्याच जिन्यात अंधारात घसरली आणि मनगट मोडलं. मोडलेलं मनगट आवाजात दिसत नाही, म्हणून त्याला कळवलं नाही. चौथ्या वर्षी सहा फेब्रुवारीला बाबा गेले. तो फोनवर 'येतो, येतो' म्हणत राहिला. चौथा खांदा खालच्या घड्याळवाल्याने दिला, ज्याच्याशी बाबांचं सहा वर्षं भांडण होतं.

सहाव्या वर्षी एकवीस ऑगस्टला मला स्थळ आलं. छापखान्यातला, सज्जन माणूस. त्याने विचारलं, तुमच्या आईचं काय. मी म्हटलं, भाऊ येणारच आहे. तो दीड वर्ष थांबला. पुढे त्याच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मीच टाइप केला, चूक एकही नाही. नवव्या वर्षी तीन जानेवारीला आईच्या डोळ्याची पट्टी काढली. काय दिसतं असं डॉक्टरांनी विचारल्यावर ती माझ्या मागे दाराकडे पाहून म्हणाली की आता अगदी स्पष्ट दिसतंय, कुणी आलेलं नाही. आणि दर रविवारी त्याचा फोन यायच्या आधी ती तोंड धुते, केस विंचरते. फोनमधून दिसत नाही हे मी पहिल्या वर्षी सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

एवढं पुरे. यात खोटं एक अक्षर नाही, आणि तुझ्या नशिबी हेच येईल हे सिद्ध करायला वेगळा साक्षीदार नको. मला त्याचा फार राग आहे हेही खरं. पण त्याने हौदामागे उभं राहावं इतका नाही.

लोभ आहेच, जोडपत्रासह.

तुझी नणंद

१८ जून

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

माफी मंजूर झाली. वकीलबाई सांगतात, कचेरीने तुमच्या पत्राच्या भाषांतरावर एकाच ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली आहे, केस विंचरण्यापाशी. त्यांच्याकडून मी 'अभिनंदन' ऐकलं आणि घरी येऊन रडले. नियम मोडला, पण अर्ज तेव्हा जाऊन चुकला होता.

तो अठ्ठावीस जुलैला तुमच्याकडे पोचेल. या वेळी खरोखरच विमानाने. पुढे वकिलातीत मुलाखत. तिथला अधिकारी अजूनही नाही म्हणू शकतो, म्हणून आज इथे आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

वन्सं, एक कळत नाही. तुमच्या अकरा वर्षांचे हाल मी माझ्या नावावर खपवले आणि त्यावर तुमचाच माणूस मागून घेतला. तुम्ही ते सगळं समजून टाइप करून दिलंत. मला लाज वाटते. तरी मागतेच: त्याला परत पाठवा.

लोभाला मी पात्र नाही, तो असू द्यावा.

तुमची भावजय

१२ सप्टेंबर

चि. सौ. भावजयबाईस,
अ. उ. आ.

ठोंब्या पोचला तेव्हा दार आईनेच उघडलं. त्याला पाहिलं आणि तडक आत गेली. आम्हाला वाटलं चक्कर आली. ती तोंड धुवून, केस विंचरून बाहेर आली. तोवर हा बॅग हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा. अकरा वर्षं आणि दहा मिनिटं, असा हिशेब लाव.

दुसऱ्या दिवशी त्याने टाचा उचलून जिन्यातला दिवा बदलला. आईने खालून पाच वेळा बटण चालू-बंद करून पाहिलं. तू लिफ्टवाली, मनात म्हणशील, इतकी वर्षं एखादं स्टूल मिळालं नाही? मिळालं होतं. मनगट मोडल्यावर घड्याळवाला स्टूल आणि दिवा दोन्ही घेऊन आला होता. आईने त्याला परत पाठवलं, आणि मीही अडवलं नाही. हे शपथपत्रात घातलं नव्हतं. नंतर त्याने घरातल्या सगळ्या चादरींना इस्त्री केली. पाहून आईचे डोळे भरले, माझे फुटायचे राहिले.

मुलाखतीत तुझ्या बुटाचा नंबर विचारला. त्याने नंबर सांगितला, वर डाव्या बुटाचा तळ उसवलाय आणि तू नवा घेत नाहीस अशी तक्रारही केली. अधिकारी हसला म्हणे.

शिक्का मारलेला पासपोर्ट माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आला. तारीख लिहून ठेव, चार सप्टेंबर, शुक्रवार. मी पाकीट उघडलं, पाहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. फाइल दाबून बसणाऱ्या कारकुनांना वीस वर्षं शिव्या देणारी मी. शनिवारी तो आईला घेऊन फिरायला गेला. तो घरात असूनही आई दर रविवारी फोनच्या वेळी सवयीने केस विंचरायची; या रविवारी प्रथमच विंचरले नाहीत. सोमवारी मी तुझं पत्र पुन्हा वाचलं.

मंगळवारी आईनेच दुकानात येऊन खणाची किल्ली मागितली. पाकीट दुकानावर दिल्याचं पोस्टमनने तिला जिन्यात सांगितलं होतं. मला वाटलं, ती पाकीट अडगळीत टाकेल. मी अडवलं नसतं. तिने आतला पासपोर्ट उघडून शिक्का बोटाने चाचपला आणि मला म्हणाली की मी शिकलेली असून बिनडोक आहे. अकरा वर्षं तो आला नाही कारण आला तर परत जाता येणार नव्हतं. आता कागद आहे म्हणजे जाता येतं, आणि जाता येतं म्हणून येता येतं. मग स्वतः जाऊन त्याच्या हातात दिला.

तो सतराला निघतो. उशीर कचेरीकडून झाला नाही. चार दिवस फाइल माझ्या टेबलावर अडकली होती, ते तुझ्या खात्यातले मी न विचारता घेतले.

लोभ असावा, आणि रागही चालेल.

तुझी नणंद

१ ऑक्टोबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तो पुढच्या दाराने आला. दारातल्या माणसाने शिक्का पाहिला आणि 'या' म्हणाला, बस्स, एवढंच. हा तिथेच उभा राहिला, आणखी काहीतरी विचारतील म्हणून. शेवटी मागच्या बाईने ढकललं.

तुमचा चार दिवसांचा अर्ज मंजूर आहे. मात्र आकडा फार कमी लिहिलात. सुधारून पाठवा. एप्रिलमध्ये आम्ही दोघं एक महिना येतो आहोत.

सासूबाईंना सांगा, केस विंचरून ठेवा. या वेळी दिसणार आहे.

तुमची भावजय