भुकटीच्या तीन टाक्या

ता. १४ मार्च

चि. चिंगीस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा कुरकुरतो, तरी माशांच्या हॅचरीत जातो, टाक्यांना खाद्य घालतो. तू तपासण्यांसाठी तिकडे प्रयोगशाळेत गेल्यापासून पंपवाला तुझ्या खुर्चीवर बसतो. रोज उठवतो त्याला. "मॅडम येईपर्यंत तरी बसू द्या की, काका!" म्हणतो. मी म्हणतो, "खुर्ची झिजते."

काल फोनवर किती आनंदात होतीस! जिवंत खाद्याऐवजी नुसत्या कोरड्या खाद्याच्या भुकटीवरही माशांची पिल्लं तितकीच वाढली; वाढीचं हॉर्मोन भरपूर, ताणाचं कमी. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगणार, आणि पुढच्या हंगामापासून सगळीकडे भुकटीच. "बाबा, ऐकताय ना?" मी म्हटलं, लाइन खराब आहे.

लाइन चांगली होती.

लहानपणी तू जेवायची नाहीस. मी शाळेतल्या कविता म्हणायचो. ओळ संपली की तुझं तोंड उघडायचं. आई म्हणायची, "पोरगी यमकांवर वाढतेय." हल्ली त्याच कविता टाक्यांपाशी म्हणतो. श्रोते पापणीच्या केसाएवढे, पण शिस्तीचे.

फार पाल्हाळ झालं. लिहितोच आता.

मागे तू परिषदेला गेली होतीस त्या आठवड्यात भुकटीच्या तिन्ही टाक्या मलूल झाल्या. पिल्लांची डोकी मोठी, अंग सुतासारखं. भुकटी तळाशी बसायची, ती बघायचीसुद्धा नाहीत. शेजारच्या टाक्यांत जिवंत खाद्याची, वळवळणाऱ्या बारीक जिवांची, चंगळ. "बाबा, तुम्ही फक्त घालायचं, डोकं लावायचं नाही," असं तू बजावलं होतंस. डोकं नाही लावलं गं. हात गेला. सहा दिवस, दिवसातून तीनदा, जिवंत खाद्याचा एकेक मग तिन्ही टाक्यांत ओतला. दुसऱ्याच दिवशी ती तोंड उघडून झडप घालायला लागली. मला तू दिसलीस.

वहीत मात्र 'भुकटी' असंच लिहीत गेलो.

तेव्हा तू मोजलेलं ते हॉर्मोन माझ्या मगातलं आहे, पोरी. हंगामात लाखो पिल्लांपुढे नुसती भुकटी पडेल, तेव्हा मगभर जिवंत खाद्य ओतायला कुणी नसेल. ती उपाशी मरतील आणि नाव तुझं खराब होईल.

आमचे मास्तर म्हणायचे, ओळ आठवली नाही तर गप्प उभा राहा, मनची घालू नकोस. जन्मभर हे दुसऱ्यांना सांगत आलो.

टपालाला उशीर होईल म्हणून तिकडे येणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. सोबत भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान आहे. मागे पेन्सिलीनं तारीख, वेळ, किती मग, सगळं टिपलंय. तेवढं खरं आहे. शुक्रवारी बोलायला उभी राहण्याआधी वाच. माझं नाव सांग, झाकू नकोस. राग आला तर फोन करू नकोस. पण जेवून घे.

तुझ्या कवितेत मनची ओळ घालणारा,
बाबा