उजव्या डोळ्याचं भिंग

१२ जुलै, शनिवार
वर्षावास लागला. विहारात दरवर्षीप्रमाणे बायकांपुढे ग्रंथ वाचायला बसले. दोन ओळी नीट गेल्या, तिसरीवर अडखळले. चष्मा पुसला, पुन्हा तेच. शेजारची मालन मागून म्हणाली, "आक्का, ऱ्हाऊ द्या की. सूनबाई वाचंल." रेश्माने मोबाइलवरून वाचलं, भरभर, हजेरी घेतल्यासारखं. बायका माना डोलवत होत्या. कुणाचं काही अडलं नाही.
हे गेल्यावर एवढं एकच काम माझं म्हणून उरलं होतं.

१६ जुलै
"चल आई," म्हणत दीपक डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. उजव्यातला मोतीबिंदू आता काढायलाच हवा. तिथल्या मुलीने भिंगं सांगितली, साडीच्या दुकानात घड्या उलगडाव्यात तशी. लांबचं घेतलं तर रस्ता, टीव्ही स्वच्छ, वाचायला चष्मा. जवळचं घेतलं तर वाचायला काही नको, लांबसाठी चष्मा. तिसरं महागातलं, दोन्हीकडचं, पण दिव्यांभोवती कडी दिसतात. दीपकला तिसरं आवडलं. वर लेसरने चष्माच घालवता येतो का तेही विचारलं. डॉ. म्हणाले, मोतीबिंदूवर लेसरने नंबर काढून काय करणार? आणि डोळ्याचा पडदा कमजोर आहे, तिसरं मी सुचवणार नाही. मग माझ्याकडे वळून विचारलं, लांबचं की जवळचं?
"लांबचंच बसवा," दीपक म्हणाला. "डावापण तसाच हाय."
मी तोंड उघडेपर्यंत लिहून झालं होतं.

१७ जुलै
डाव्याच्या वेळी, दोन वर्षांमागे, हेच. विचारलं मला, बोलले हे. लांबचं.
लहानपणापासून मला लांबचं दिसायचं नाही. फळा दिसेना म्हणून शाळेतून काढलं. पण नाकाशी धरलेलं अक्षर लख्ख दिसायचं. वाण्याच्या पुड्यांचे कागद नाकाला लावून मी वाचायला शिकले, कुणी शिकवलं नाही. लग्नानंतर ह्यांनी चष्मा करून दिला, तरी वाचताना काढूनच ठेवायची. डाव्या डोळ्याचं ते जवळचं ऑपरेशनात गेलं. नंतर पडदाही विरला, आता चष्मा लावूनही त्याला बारीक अक्षर लागत नाही. वाचायचा म्हणून उजवाच राहिलाय.
पट्टी सुटली तेव्हा हे दारात उभे होते. मला कित्येक वर्षांनी धड दिसले. गळ्याची हाडं वर आलेली, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मी धुक्यातून बघत होते तोवर हे ठीक होते.
त्यानंतर तीन महिनेही राहिले नाहीत...

२१ जुलै
दीपकला सांगितलं, मला जवळचं हवं. म्हणाला, चष्मा लावून वाच की, सगळं जग वाचतंय. रेश्मा म्हणाली, आत्या, एक डोळा लांबचा, एक जवळचा, चक्कर येऊन रस्त्यात पडलात म्हणजे? ते खोटं नाही. डॉ. पण म्हणाले होते, काहींचं डोकं जुळवून घेतं, काहींचं घेत नाही. आणि रस्त्यात पडले तर अंथरुणात कोण करणार, हे तिघांनाही माहीत. 

२ ऑगस्ट
मालन चहाला आली. तिलाही माझंच चुकतंय असं वाटतं. बोलता बोलता म्हणाली, "दाजी मला म्हणालतं, तिला रस्ता दिसाय पायजे. मी नसल्यावर हात कोण धरणार हाय तिचा?"
कधी म्हणाले? तर डाव्याच्या ऑपरेशनाआधी.
म्हणजे आपण जाणार हे ह्यांना माहीत होतं. मालनला सांगितलं. मला नाही. माझा डोळा, माझा नवरा, आणि दोन्हींचं ठरलं माझ्या पाठीमागे. कप विसळताना कान तुटला. मालन उगीच बसून राहिली. जा म्हटलं.

३ ऑगस्ट
उजव्यावर तळहात धरून कोपऱ्यापर्यंत गेले, आले. डावा पुरतो. रिक्षावाला ओरडला, पण तो सगळ्यांवरच ओरडतो. ह्यांचं खरं होतं, म्हणून आणखीच राग येतो.
घरी येऊन चष्मा काढला, पान नाकाशी धरून उजव्या डोळ्याने पाहिलं. दुधात भिजल्यासारखं अक्षर. एक ओळ लागली. कागदाचा वास आला.

१० ऑगस्ट, रविवार
उद्या ऑपरेशन. डोळ्यात थेंब चालू आहेत. डॉ. टेबलावर घेण्याआधी पुन्हा एकदा विचारणार आहेत.
दीपकला म्हटलं, "उद्या ते इचारतील तवा मी सांगतो. तू गप बस."
"आणि चुकलं तर, आई?"
"माझं चुकंल की. एवढं तरी माझं असू दे."
तो उठला. जाताना उंबऱ्याशी थांबला, पाठमोरा. खांदा थेट ह्यांच्यासारखा पाडतो. डाव्याने स्वच्छ दिसला.
काय सांगेन, लांबचं की जवळचं, ते अजून ठरलं नाही.