पाचचं डिझेल, सातचं पेट्रोल

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा तेच. आमच्या मच्छीमार संस्थेनं डोंग्याला इंजिन बसवायचं ठरवलं, त्याचा आनंद दोन दिवसही टिकला नाही. धरणाच्या पलीकडून भरला डोंगा वल्हवत आणायला बाबांना अडीच तास लागतात. वारा समोरून असला तर आर्वीच्या बाजारात पोचेपर्यंत मासळी मऊ. म्हणून इंजिन. इथवर एकमत.

गावातच दोन मिळतात. पंपाचं पाच एचपीचं डिझेल, नाहीतर निंदणाच्या यंत्राचं सात एचपीचं पेट्रोल. अध्यक्ष देवरावकाका (पुढे दे.का.) काठावर सगळ्यांसमोर म्हणाले, "सात मोठे का पाच? झालं तं मंग."

मी सांगितलं, एचपी म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. पेट्रोल मिनिटाला छत्तीसशे फेरे मारतं म्हणून सात भरतात. डिझेल पंधराशेतच पाच देतं. पाण्यातल्या पंख्याला पीळ देणारा जोर, म्हणजे टॉर्क, त्याचा जास्त. चोवीस न्यूटन-मीटर विरुद्ध चौदा.

दे.का. म्हणाले, "विहिरीवर तीनची मोटर काढून पाचची लावली, पानी वाढलं का नाई? मंग कायचा टार्क वं, इंजिनियरबाई."

सगळे हसले. बाबा नाही हसले.

५ नोव्हेंबर, बुधवार
आईला सायकलच्या चढावरून समजावलं. पाच मिनिटांत कळलं तिला. "देवरावले समजते सारं," म्हणाली. "तुह्या तोंडून समजून घ्याचं नाई त्याले." चार वर्षं वसतिगृहात राहून मी हे शिकले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
बोलणं बंद, प्रयोग सुरू. कापूस वेचणीचा टांगता काटा आणला. डोंगा दोरानं बाभळीला बांधला, मधे काटा. दोन्ही इंजिनं मागून आणलेली. पंख्याचा दांडा तोच, पंखा तोच. डिझेलनं काटा चव्वेचाळीस किलोवर नेला. पेट्रोल पंखा पाण्यात गेल्याबरोबर गुदमरलं, फेरे पडले, एकतीसच्या वर काटा जाईना. सात एचपी कागदावरच राहिले.

दे.का. म्हणाले काटा खराब आहे. याच काट्यावर ते सगळ्या गावाचा कापूस मोजतात.

९ नोव्हेंबर, रविवार
बैठक. मी घरीच, बायका सभासद नाहीत. शेजारच्यांनी येऊन सांगितलं: बाबा उठले. बाबा, बैठकीत! म्हणाले, "माही पोरगी शिकली हाय. ते म्हन्ते डिझेल, तं डिझेलच." आणि मंजूर झालं. सोळाला पुन्हा बसून खरेदीचा कागद करायचा.

बाबा जेवताना नेहमीसारखेच. फक्त भाकरी एक जास्त घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आर्वीला लेथच्या दुकानात गेले, इंजिन आणि दांडा जोडायचं कपलिंग बनवायला. लेथवाले रऊफभाई सगळं ऐकून म्हणाले, "पेट्रोल सीधा दांड्यालेच लावलं होतं का?"
हो.
"काऊन? इंजिनावर लहान पुली, दांड्यावर मोठी. फेरे आधे, जोर दुगना. तुह्या पुस्तकात नाई का हे?"

आहे. तिसऱ्या सत्रात. त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.

कपलिंग बनवायला सांगितलंच नाही. बस सुटेपर्यंत फलाटावर उभी होते, स्वतःवर इतकी चिडले की...

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
चार वेळा गणित मांडलं. फेरे निम्मे केले की चौदाचे अठ्ठावीस. पुलीच्या पट्ट्यात थोडा जोर वाया गेला तरी डिझेलच्या पुढेच. जोर पुलीनं वाढवता येतो, एचपी नाही. एचपी इंजिनात असेल तेवढाच. म्हणजे दे.का. बरोबर. कारण त्यांना माहीत नाही, पण बरोबर. शिवाय डिझेलचं वजन दोन माणसांइतकं. तेवढी मासळी डोंग्यात कमी बसणार.

गप्प राहिले तर डिझेल चालेल. वल्ह्यापेक्षा बरंच चालेल. कुणाला कधी कळणार नाही. बोलले तर बाबा आयुष्यात एकदा उठले, ते चुकीसाठी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सांगितलं. बाबा जाळं सांधत होते, सुई थांबली नाही.
"हे अजून कोनाले मालूम हाय?"
"रऊफभाईंना."
"तो आर्वीचा. इथं कोनाले?"
"कुणालाच नाही."
त्यांनी गाठ आवळली. मग म्हणाले, "मांगच्या बारी तुह्यं बोलनं मी बोललो. हे तूच बोलजो."
मी म्हटलं, मला आत बसू देणार नाहीत. त्यांनी सुईत पुढचा दोरा भरला.

१६ नोव्हेंबर, रविवार
चारला बैठक. काल रात्री बाबांनी कळवलं होतं की मी बैठकीत बोलणार; सकाळी दे.का.चा निरोप: पोरीचं जे असेल ते बापानं सांगावं. बाबांनी निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं.

पहिलं वाक्य लिहून ठेवलंय: मागच्या रविवारी बाबा बोलले ते माझं होतं, आणि ते अर्धंच होतं. दे.का.चा चेहरा आत्ताच दिसतोय. आता जन्मभर विहिरीची मोटर ऐकावी लागेल. दुसरं वाक्य सुचत नाही. 

पावणेचार. बाबा चपला घालून अंगणात उभे आहेत. हाक मारत नाहीत, पण निघतही नाहीत.