भुईचाफ्याला घातलेलं पाणी

प्रिय अहो आई,

आज सकाळी तुमचा लेक खुरपं घेऊन बाल्कनीत उभा! म्हणे, "ही कुंडी रिकामीच आहे ना? कोथिंबीर टाकतो." मी आतून ओरडले, "हात लावायचा नाही!"

"थेट आईसारखी ओरडलीस," तो म्हणाला. मग कुंडीकडे बघत, "यंदा थंडी फार पडली गं. गेला असेल भुईचाफा."

मी हो म्हणून मान हलवली. ती हलवायला नको होती, म्हणून हे पत्र.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हीच कुंडी मी रिकामी समजून कचऱ्याच्या डब्यात उपडी केली होती, आठवतं? डब्यात हात घालून तुम्ही एकेक कंद वेचलात. "एम.ए.ला हे नव्हतं वाटतं?" एवढंच बोललात. मी दोन दिवस रडले, हे तुम्हाला कधी कळलं का?

चैत्रात एकही पान नसताना मातीतून जांभळी-पांढरी फुलं वर आली. तुम्ही लेकाला नाही, मला हाक मारलीत. "या, बघा, तुम्ही फेकलेलं!"

तुमचा नियम मला पाठ आहे. दिवाळीनंतर पानं गळाली, की गुढीपाडव्यापर्यंत थेंबभरही पाणी नाही. थंडीत ओल राहिली की कंद कुजतात. हे माहीत असूनही यंदा मी रोज सकाळी वाटीभर पाणी घालत होते, आई. स्वेटर घालून, गारठलेल्या हातांनी. का, ते सांगते.

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या संध्याकाळी तो औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही म्हणालात, "एक घोट दे गं." तोंडाने काही द्यायचं नव्हतं. ठसका लागला असता. मी ओला कापूस ओठांवर फिरवला. "डॉक्टर नाही म्हणालेत, आई."

"डॉक्टर काय तुझे सासरे लागतात?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. आणखी दोनदा मागितलंत, मी दोनदा नाही म्हटलं. पहाटे तुम्ही गेलात.

डायरीत मी लिहिलं, 'नियम पाळला.' मग ते खोडलं. मग खोडल्याची लाज वाटून पुन्हा लिहिलं. माझं बरोबर होतं का? तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल लावला असतात!

घरी आल्यावर ती कोरडी कुंडी समोर. तिला नाही म्हणवेना.

जानेवारीत मातीवर शेवाळ धरलं, कुबट वास यायला लागला, तेव्हा भानावर आले. त्यानंतर पाणी बंद आहे. आत काय उरलंय, माहीत नाही. उकरून बघावंसं रोज वाटतं. तुम्ही मात्र कधी उकरून बघितलं नाहीत. तुम्हाला खात्री असायची, की नुसता धीर?

तर शब्द देते. पाडव्यापर्यंत थेंब नाही, आणि वैशाख सरेपर्यंत खुरपं लावणार नाही, लावू देणार नाही. फूल आलं, तर त्यालाच आधी हाक मारीन. नाही आलं, तर थंडीचं नाव सांगणार नाही. त्याला समोर बसवून वाटीभर पाण्याचं सांगेन, आणि तुम्ही मागितलेल्या त्या घोटाचंही.

खरं तर फूल आलं, तरी सांगेनच.

तुम्ही फेकू न दिलेली,
सूनबाई