दीड तास मागे पडलेले घड्याळ

तीर्थरूप आत्याबाईंस,

आपल्या भाचीचा ख्रिस्तात सलाम. तुमचा गुडघा आता निमूटपणे जिना चढतो की अजून प्रत्येक पायरीशी वाद घालतो, ते अवश्य कळवावे. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. (हा शब्द पत्राच्या रिवाजाप्रमाणे लिहिला आहे, तो कितपत खरा, हे पुढचे वाचून तुम्हीच ठरवावे.) आईची कंबर बरी आहे, बाबांचे डोळे बरे आहेत आणि दोघांनाही ताप नाही. ताप नसल्याचे मुद्दाम कळवण्याचे कारण असे की, गेल्या रविवारपासून चर्चची निम्मी मंडळी त्यांच्या तापासाठी प्रार्थना करत आहे आणि तो ताप मी आणलेला आहे.

झाले ते असे. मंडळीच्या तरुण संघाने निबंधस्पर्धा ठेवली होती आणि विषय होता पाचवी आज्ञा, म्हणजे आईबापांचा मान राखणे. दहाही आज्ञा तुम्ही मला सातव्या वर्षीच तोंडपाठ करायला लावल्या होत्या (सहावीपाशी मी अडखळले की तुम्ही ज्या नजरेने पाहत होतात, तिच्यामुळेच मी अद्याप कोणाचा खून केलेला नाही), त्यामुळे खरे तर तयारीची गरज नव्हती. तरी मी अकरा दिवस वाचनालयात बसले. वडीलधाऱ्यांसमोर नुसते उठून उभे राहणे म्हणजे मान राखणे नव्हे. चारचौघांत आईबापांना आपले म्हणताना ज्याची मान खाली जात नाही, त्यानेच ही आज्ञा पाळली, असे मी लिहिले. हे वाक्य मला इतके आवडले की मी ते दोनदा घातले, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. परीक्षकांनाही आवडले असावे. पहिला क्रमांक आला. रविवारच्या उपासनेत मी निबंध वाचावा आणि माझ्या आईबाबांनी पहिल्या बाकावर बसावे, असे ठरले.

पहिला बाक ऐकताच मला निबंध परत मागावासा वाटला. तुम्ही दूर राहता म्हणून सांगते. बाबा दुरुस्त केलेली घड्याळे चालवून पाहण्यासाठी उपासनेला पिशवीत घालून आणतात. (मंदिरात शांतता असते, त्यामुळे टिकटिक नीट ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे.) मागे एकदा मूक प्रार्थनेच्या ऐन मध्यात त्यांच्या पिशवीतले गजराचे घड्याळ असे काही कोकलले, की शेवटच्या बाकावरचे निवृत्त मुख्याध्यापक झोपेतून उठून सावधान उभे राहिले. बाबांनी ते बंद केले आणि समाधानाने म्हणाले, "अगदी वेळेवर वाजलं!" आणि आई? मी नववीत असताना व्यासपीठावर वचने म्हणताना थबकले, तर ती बाकावरून मोठ्याने म्हणाली, "घाबरू नकोस गं! सकाळपासून पोट बिघडलंय हो तिचं." त्या दिवसापासून मी व्यासपीठाला आणि पोटाला सारखीच भिते.

तेवढ्यात शुक्रवारी निरोप आला की, पाळकसाहेबांना दुपारी बाहेर जायचे असल्याने या रविवारी उपासना दहाऐवजी साडेआठला होईल, आणि तरुणांनी आपापल्या गल्लीत घरोघरी तसे कळवावे. आमची गल्ली माझ्याकडे होती. गल्लीत बारा घरे आहेत. मी अकरा घरी कळवले. (भिंतीपलीकडच्या काकूंना जरा हळू आवाजात कळवले.) बारावे घर आमचे. मी खोटे काहीच बोलले नाही, आत्याबाई. मी केवळ बोलले नाही. या दोहोंतला फरक मी रविवारी सकाळी आठ वाजता, तयारीच्या निमित्ताने घरातून सटकताना, स्वतःला फार मुद्देसूद समजावून सांगितला.

निबंध छान झाला. आवाज कापला नाही, पोट बिघडले नाही, गजर वाजला नाही. मग पाळकसाहेब पहिल्या बाकाकडे वळून म्हणाले की, या मुलीच्या आईवडिलांनी पुढे यावे. बाक रिकामा होता. सगळे माझ्याकडे पाहू लागले आणि माझ्या तोंडून, कोणतीही पूर्वतयारी नसताना, निघून गेले, "दोघांनाही ताप आहे." इथेच थांबले असते तर बरे. पण आमची मंडळी ख्रिस्ताची शिकवण फार मनावर घेते. आजाऱ्याला भेटायला जावे असे नुसते ऐकून कोणी घरी जाईना. निवृत्त नर्सबाईंनी पर्समधून थर्मामीटर काढले, बेकरीवाल्यांनी वाटेत दुकान उघडून पाव घेतला, कोणी फळे घेतली, आणि चौदा माणसे मला मध्ये घालून मोठ्या रस्त्याने आमच्या घराकडे निघाली. मी इतकी हळू चालत होते की नर्सबाईंना मलाही ताप आल्याची शंका आली.

दाराला कुलूप होते. कारण नेमक्या त्याच वेळी आईबाबा ठेवणीतले कपडे घालून मागच्या गल्लीने देवळाकडे निघाले होते, दहाच्या उपासनेला, पहिल्या बाकावर बसायला. तिथे त्यांना भेटली फक्त झाडणारी बाई. तिने त्यांना सगळे सांगितले: उपासना कधीच आटोपली, लेकीने फार छान वाचले, लोक रडले, आणि तुम्ही इतक्या तापात उठून कशाला आलात?

ते परत आले तेव्हा ती चौदा माणसे आणि मी पायऱ्यांवर उभे होतो. बाबांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत टिकटिक चालू होती. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. रागाने पाहिले असते तर मी आज हे पत्र लिहिले नसते. बंद पडलेले घड्याळ उघडण्याआधी ते जसे नुसते हातात धरून बसतात ना, तसे पाहिले. मग लोकांना म्हणाले, "ताप सकाळीच उतरला. निघालोही होतो. पण आमचं भिंतीवरचं घड्याळ दीड तास मागे पडलं, त्याला काय करणार?" आई म्हणू लागली, "अहो, पण आपल्याला तर कुणी—" तोच बाबा म्हणाले, "तू आधी दार उघड."

आत्याबाई, तुमच्या भावाने उभ्या आयुष्यात खोटे बोललेले तुम्ही ऐकले आहे का? आणि बोलला तर काय बोलला! घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने चौदा गिऱ्हाइकांसमोर स्वतःचे घड्याळ मागे पडले म्हणून सांगितले. एवढेच नव्हे, तर ते निरोगी घड्याळ खिळ्यावरून उतरवून, डोळ्याला भिंग लावून, त्याच्यात फुंकर मारली. नर्सबाईंनी दिलेले कडू टॉनिक दोन चमचे प्यायले. आईलाही पाजले. बेकरीवाले हसत म्हणाले, "घड्याळजींचंच घड्याळ मागे, मग आमचं काय होणार?" सगळे हसले. बाबाही हसले. मी मात्र फळे धुवायला आत गेले आणि ती बराच वेळ धूत राहिले.

मंगळवारी बेकरीवाल्यांनी दुरुस्तीला दिलेली दोन्ही घड्याळे तशीच परत नेली. बुधवारी मुख्याध्यापकांनी नेले. बाबांनी ती फडक्यात गुंडाळून दिली. बक्षीस म्हणून मला पाचव्या आज्ञेची चौकटीतली पाटी मिळाली आहे. ती बाबांनी स्वतः खिळा ठोकून भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर खाली लावली. (टोमणा म्हणून नव्हे, तिथेच जागा होती. टोमणा असता तर सोसवला असता.) त्यामुळे वेळ पाहायची म्हटले की आधी आज्ञा वाचावी लागते. गेले चार दिवस मी वेळ पाहिलेली नाही.

आईने तुम्हाला सलाम सांगितला आहे. गुडघ्याला जपावे.

तुमची,
निबंधवाली भाची

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. तुमचे टोल्यांचे घड्याळ वीस वर्षे बिनचूक चालते आहे, हे मला ठाऊक आहे. ते कसेही करून बंद पाडावे आणि दुरुस्तीसाठी बाबांकडे पाठवावे. सोबत, तुमच्यासारखा कारागीर दुसरा नाही, असे चार ओळींचे पत्र असावे; ते मी बेकरीत मोठ्याने वाचून दाखवीन.

दुसरे ता. क. घड्याळ बंद पाडू नये. वरचे लिहून झाल्यावर ध्यानात आले की हेही पुन्हा तेच आहे. मी आताच पाळकसाहेबांकडे जाऊन आले. येत्या रविवारी मी व्यासपीठावर उभी राहून सांगणार आहे की घड्याळ बरोबर होते. निबंध नाही, तीनच वाक्ये आहेत. पण अकरा दिवस बसूनही मला ती नीट जमणार नाहीत. तुम्ही गुडघ्याची समजूत घालून याल का? आई आणि बाबांच्या मध्ये बसावे. आई मध्येच काही बोलली तर तिला बोलू द्यावे.

तिसरे ता. क. उपासना या वेळी नेहमीप्रमाणे दहाला आहे. हे मी बाबांना स्वतः, मोठ्या आवाजात, दोनदा सांगितले. "ठाऊक आहे गं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, मान वर न करता, गजराचे घड्याळ पिशवीत घेऊ की नको, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, घ्या.